निमित्त आणि कारण

न्यायदर्शनाने कारणाचे जे तीन प्रकार मानले आहेत, त्यांत निमित्तकारण हा एक आहे. घट मातीचा घडतो, म्हणून माती हे त्याचे समवायिकारण; कुंभार, त्याचे चाक आणि ते फिरवण्याचा दंड ही निमित्तकारणे. दर्शनाच्या लेखी निमित्त हेही खरेखुरे कारणच आहे, कारण कुंभारावाचून घट होत नाही. मराठी बोलीत मात्र या शब्दाची पत पुष्कळ खाली आली. ‘मरणाला काही तरी निमित्त लागते’ असे आपण म्हणतो, तेव्हा मरण दुसऱ्याच कशाने तरी ठरलेले असते असे आपण गृहीत धरतो. ‘निमित्त काढून भांडला’ असे म्हणतो, तेव्हा भांडणाचे मूळ अन्यत्र आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. माणूस जे कारण सांगतो आणि ज्या कारणाने वागतो, ती दोन वेगळी असू शकतात, हे निरीक्षण या घसरणीत साठलेले आहे. नाचता न येणाऱ्याला अंगण वाकडे दिसते, तेव्हा प्रश्न सोपा असतो, कारण अंगण सरळच असते. परंतु अंगण खरोखरच वाकडे असेल तर? सांगितलेले कारण खरे असूनही ते केवळ निमित्त असू शकते काय? आणि तसे असेल, तर ते सांगणाऱ्याकडून काही नैतिक प्रमाद घडला असे म्हणता येईल काय?

घरगुती कलहात हा प्रश्न आपण हसण्यावारी नेतो. ज्याच्या हाती राष्ट्राची शस्त्रे द्यायची, अशा एखाद्या माणसाची निवड होत असते तेव्हा तो हसण्यावारी नेता येत नाही. अशा निवडीतला एक प्रसंग माझ्या मनात दीर्घकाळ रुतून बसला आहे.

९ मार्च १९८९ रोजी अमेरिकेच्या सिनेटने जॉन टॉवर यांची संरक्षणमंत्रिपदावरील नियुक्ती ४७ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळली. त्या देशात मंत्री विधिमंडळातून येत नाहीत. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो आणि राज्यघटनेने दिलेल्या ‘सल्ला आणि संमती’च्या अधिकारात सिनेट ते स्वीकारते अथवा नाकारते. नव्या राष्ट्राध्यक्षाला आपले सहकारी निवडण्याची मोकळीक असावी, असा प्रघात आहे. मंत्र्याचे नाव मतदानाने फेटाळले जाण्याचा त्याआधीचा प्रसंग १९५९ सालचा होता. आणि नव्या राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्याच मंत्रिमंडळातील नाव असे फेटाळले जावे, हे तर त्यापूर्वी कधीच घडले नव्हते. शिवाय टॉवर हे कोणी परके नव्हते. टेक्ससमधील एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाचा हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, पुढे राज्यशास्त्राचा अध्यापक झाला आणि १९६१ साली लिंडन जॉन्सन यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर सिनेटमध्ये निवडून आला. तेवीस वर्षांहून अधिक काळ तो तेथे बसला. त्यांतील अखेरची चार वर्षे सशस्त्र सेना समितीचा अध्यक्ष म्हणून. जिनिव्हा येथील शस्त्रकपातीच्या वाटाघाटींत त्याने आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले होते आणि इराण-काँट्रा प्रकरणाची चौकशी ज्या आयोगाने केली, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. संरक्षणाच्या प्रश्नांचे त्याचे ज्ञान विरोधकांनीही मान्य केलेले होते.

आक्षेप होता तो त्याच्या मद्यपानाला आणि स्त्रियांशी असलेल्या वर्तनाला. गंमत अशी की, हा आक्षेप जाहीर साक्षीत प्रथम मांडला तो विरोधी पक्षाने नव्हे; टॉवर यांच्याच बाजूच्या, परंपरानिष्ठ गटातील पॉल वायरिच यांनी तो ३१ जानेवारी १९८९ रोजी समितीसमोर मांडला. त्यानंतर एफबीआयचे अहवाल येत राहिले. ते अहवाल पहाऱ्यातल्या खोलीत बसून केवळ सिनेटर वाचू शकत होते; बाहेर त्यांतील मजकूर उघड करता येत नव्हता. म्हणजे ज्या कागदावरून वाद चालला होता, तो कागद वाद ऐकणाऱ्या लोकांना दिसत नव्हता, आणि त्यातले काय खरे, काय ऐकीव, हे ठरवण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. २३ फेब्रुवारीला समितीने ११ विरुद्ध ९ मतांनी प्रतिकूल कौल दिला. अकराही मते डेमोक्रॅटिक आणि नऊही रिपब्लिकन. तीन दिवसांनी टॉवर यांनी दूरचित्रवाणीवर जाहीर प्रतिज्ञा केली की, नियुक्तीला संमती मिळाली तर आपण त्या पदावर असेपर्यंत मद्याचा थेंबही घेणार नाही. साठी ओलांडलेल्या, तेवीस वर्षे कायदे केलेल्या माणसाला सगळ्या देशासमोर असे वचन द्यावे लागावे, यातील केविलवाणेपणा त्यांच्या विरोधकांनाही जाणवला असेल.

प्रतिपक्षाचा युक्तिवाद मात्र दुबळा नव्हता. समितीचे अध्यक्ष सॅम नन यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: संरक्षणमंत्री हा सेनेच्या आज्ञाशृंखलेतील दुवा आहे, राष्ट्राध्यक्षानंतरचा पहिला. अण्वस्त्रांजवळ पहारा देणाऱ्या साध्या सैनिकाकडून आपण ज्या काटेकोर शुद्धीवर असण्याची अपेक्षा करतो, तीहून कमी अपेक्षा त्या सैनिकाला आज्ञा देणाऱ्याकडून कशी करायची? संकट घड्याळ पाहून येत नाही. या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नाही. तो बरोबर आहे. टॉवर यांनी सत्तरच्या दशकात आपण पुष्कळ पीत होतो हे स्वतः मान्यही केले होते.

तरीही त्या चर्चेच्या वाचनातून एक अस्वस्थता उरते. जिनिव्हातील वाटाघाटी संपवून परतल्यावर टॉवर यांनी शस्त्रनिर्मिती करणाऱ्या कंपन्यांचे सल्लागार म्हणून लाखो डॉलर मिळवले होते. ज्या खुर्चीवरून अशा कंपन्यांना कंत्राटे द्यायची, तिच्याकडे हा माणूस त्यांच्याच दारातून येत होता. ही बाब चर्चेत आली; नन यांनीही ती मांडली. पण देशाच्या स्मरणात राहिली ती बाटली. असे का व्हावे? मला याचे एक उत्तर सुचते आणि ते सुखकर नाही. मद्याचा आरोप एका माणसाला लागू पडतो. कंपन्यांशी असलेल्या संबंधाचा आरोप थोड्याफार फरकाने अख्ख्या सभागृहाला लागू पडतो. ज्यांच्या मतदारसंघात विमानांचे कारखाने आहेत आणि ज्यांच्या निवडणूकनिधीत त्या कारखान्यांचा वाटा आहे, असे सदस्य दोन्ही बाकांवर बसलेले होते. त्या प्रश्नाला हात घालायचा तर प्रत्येकाला आपल्या अंगणाचा उतार तपासावा लागला असता. मद्याच्या प्रश्नात न्यायाधीश सुरक्षित राहतो. आणखीही काही कारणे होती, जी कोणी भाषणात सांगत नाही: समितीचे अध्यक्ष असताना टॉवर यांनी सहकाऱ्यांना दिलेली तुटक, उर्मट वागणूक, नुकत्याच झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीतील पराभवाचा सल. यांतील कोणते कोणाच्या मनात किती होते, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी डिक चेनी यांचे नाव पुढे केले आणि आठवड्याभरात, १७ मार्चला, सिनेटने ते ९२ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारले. संरक्षणविषयक धोरणात या दोघांत फार अंतर होते असे म्हणता येणार नाही. पुढे १९९१ च्या आखाती युद्धात आणि उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने २००३ च्या इराक युद्धात चेनी यांनी जो भाग घेतला, त्याचा लेखाजोखा जगासमोर आहे. शस्त्रे कशासाठी वापरायची याविषयी या माणसाचे मत काय, हा प्रश्न त्या आठवड्यात फारसा कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. टॉवर ५ एप्रिल १९९१ रोजी जॉर्जिया राज्यात एका विमान-अपघातात आपल्या मुलीसह मृत्यू पावले.

त्या मतदानातील एक मत मला विशेष विचार करायला लावते. टॉवर यांच्या बाजूने पक्षाची रेषा ओलांडून मत देणारे डेमोक्रॅटिक सदस्य तिघेच होते. त्यांतील एक ख्रिस्तोफर डॉड. त्यांचे वडील टॉमस डॉड यांच्यावर १९६७ साली सिनेटने निधीच्या गैरवापराबद्दल ठपका ठेवला, तेव्हा ठरावाच्या विरुद्ध अवघी पाच मते पडली होती आणि त्यांतील एक टॉवर यांचे होते. बावीस वर्षांनी मुलाने ते ऋण फेडले काय? जो पक्षाविरुद्ध मत देतो, त्याचे मत विवेकाचे, असे आपण सहज मानतो. पण कृतज्ञता ही काही टॉवर यांच्या योग्यतेची साक्ष नव्हे. शिस्त मोडणाऱ्याच्या मतामागेही त्याचे न सांगितलेले कारण असू शकते. फक्त ते अधिक लोभस असते.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि साहित्याच्या अभ्यासकाने तर तो घ्यायलाच हवा. युक्तिवादाचे मोल तो करणाऱ्याच्या मनावर अवलंबून नसते. मत्सरापोटी लिहिलेले परीक्षणही अचूक असू शकते. एखाद्या कादंबरीची रचना सैल आहे हे तिच्या लेखकाच्या शत्रूने म्हटले, म्हणून ती घट्ट होत नाही. मग नन यांचे म्हणणे खरे होते एवढे पुरेसे नाही काय? त्यांच्या अंतरंगात डोकावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आक्षेप मान्य. अंतरंगात डोकावता येत नाही, आणि डोकावू नये. परंतु कारण आणि निमित्त यांतील भेद ओळखायला अंतरंगात शिरावेच लागते असे नाही. कारणाला एक व्याप्ती असते. ‘अमुक दोष असलेला माणूस या पदाला अयोग्य’ असे मी म्हणतो, तेव्हा माझ्या नकळत मी तो दोष असलेल्या सर्व माणसांविषयी बोलून गेलेला असतो, माझ्या आवडत्या माणसांविषयीसुद्धा. निमित्ताला ही व्याप्ती नसते. ते एका प्रसंगासाठी, एका माणसासाठी उचललेले असते आणि काम झाल्यावर खाली ठेवलेले असते. म्हणून विधान खरे असून भागत नाही. ते सांगणाऱ्याने ते पुढे कोठे कोठे लावले, हे पाहावे लागते. आणि हे पाहणे उघड्या व्यवहारातले आहे.

सिनेटच्या इतिहासाने ही परीक्षा आयतीच घेतली आहे. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पीट हेगसेथ यांचे नाव त्याच पदासाठी सुचवले. हे पूर्वीचे लष्करी अधिकारी आणि दूरचित्रवाणीवरील निवेदक. त्यांच्यावरही मद्यपानाचे आणि स्त्रियांशी गैरवर्तनाचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले. आणि त्यांनीही नियुक्ती झाल्यास मद्य न घेण्याची ग्वाही दिली. छत्तीस वर्षांपूर्वीचे नाटक जणू पुन्हा लागले होते. मात्र या वेळी आरोप हाती घेतला तो बव्हंशी डेमोक्रॅटिक बाजूनेच, आणि टॉवर यांच्या वेळी स्वतःच्या बाजूच्या माणसावरचा आरोप प्रथम उघड मांडणाऱ्या परंपरानिष्ठ वर्तुळांतून या वेळी त्याच आरोपाला बदनामीचा कट म्हणणारे आवाज उठले. २४ जानेवारीला मते ५०-५० अशी पडली आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने नियुक्तीला संमती मिळाली. तीन रिपब्लिकन सदस्यांनी विरोधी मत दिले. त्यांतील मिच मॅकॉनेल १९८९ सालीही सभागृहात होते आणि तेव्हा त्यांनी टॉवर यांच्या बाजूने मत दिले होते. त्यांनी २०२५ मध्ये दिलेले कारण मद्याचे नव्हते. एवढे प्रचंड खाते चालवण्याची कुवत या माणसाने दाखवलेली नाही, अशा आशयाचे होते. ते बरोबर की चूक, हा वेगळा प्रश्न. पण ते कारण टॉवर यांना लावले असते तर टॉवर त्यातून पार झाले असते, आणि हे लक्षात घेतले तर मॅकॉनेल यांची दोन मते एकमेकांशी भांडत नाहीत.

या दोन प्रसंगांच्या मध्ये, २०१३ साली, चक हेगल यांची नियुक्ती झाली. हे स्वतः रिपब्लिकन, व्हिएतनाममध्ये साधा सैनिक म्हणून लढून दोनदा जखमी झालेले; सुचवणारे ओबामा; आणि विरोध करणारे हेगल यांचेच जुने पक्षबंधू. इस्रायल आणि इराण यांविषयी त्यांनी केलेल्या जुन्या विधानांची पाने सुनावणीत उलटली गेली. पण जॉन मॅकेन यांनी थेट विचारले की, २००७ साली इराकमध्ये सैन्य वाढवण्याला तुम्ही विरोध केलात तो बरोबर होता की चूक, एका शब्दात सांगा. हेगल यांनी एका शब्दात सांगितले नाही. मॅकेन यांचा स्वर कठोर होता आणि इराक युद्धाविषयी माझे मत त्यांच्याशी जुळणारे नाही. तरी या तिन्ही सुनावण्यांत मला तोच क्षण सर्वांत स्वच्छ वाटतो. त्या दोघांत खरोखर जे भांडण होते, ते त्या वेळी मेजावर आले.

मेजावर न आलेल्या कारणाचे सर्वांत थोर उदाहरण आपल्या परंपरेत आहे. उद्योगपर्वात दुर्योधन भीष्मांना दोन्ही सैन्यांतील रथी-अतिरथींची गणना करायला सांगतो. सेनापती एकेका वीराची योग्यता सांगत जातो आणि कर्णापाशी येऊन म्हणतो की, हा रथी नव्हे, अतिरथीही नव्हे, हा अर्धरथी. त्याची कारणे तो देतो: सहज कवचकुंडले गेली, परशुरामाचा शाप आहे, स्वभाव बढाईखोर आणि बेसावध आहे. द्रोण त्याला दुजोरा देतात. कर्ण संतापतो आणि भीष्म जिवंत असेपर्यंत लढणार नाही अशी प्रतिज्ञा करतो. दहा दिवस त्याचे धनुष्य स्वस्थ राहते.

लक्षात घ्यावे की, भीष्मांनी खोटे काही सांगितलेले नाही. कवचकुंडले खरोखर गेली होती. शाप खरोखर होता. पण शरशय्येवर पडलेल्या भीष्मांना कर्ण एकटा भेटायला येतो, तेव्हा पितामह रक्षकांना दूर करतात, त्याला एका हाताने जवळ घेतात आणि सांगतात की, तू कुंतीचा पुत्र आहेस हे मला ठाऊक होते. तुझा द्वेष मी करत नव्हतो. तुझे तेज खच्ची व्हावे, कुळात फूट पडू नये, यासाठी मी तुला कठोर बोलत आलो. धनुर्विद्येत तू अर्जुनाच्या तोडीचा आहेस. अर्धरथी हे मूल्यमापन नव्हतेच. तो एक डाव होता, आणि तो खऱ्या कारणांनी सजवलेला होता. व्यासांनी भीष्मांकडून ही कबुली घेतली आहे ती अशा वेळी, की तिचा उपयोग कर्णाला होणार नाही. टीकाकार कर्णाच्या त्या भेटीतील करुणेविषयी पुष्कळ लिहितात. मला तेथे भीष्मांचीच अधिक कीव येते. आयुष्यभर न्यायनिवाडा केलेल्या माणसाला आपण एका माणसाचा निवाडा निमित्तावर केला, हे मरणाच्या दारात सांगावे लागले. आणि सेनापतिपदाच्या निवडीत सर्वांत सरळ कारण त्या महाकाव्यात कोणी सांगितले असेल, तर ते या नाकारलेल्या कर्णानेच. भीष्मांनंतर कोण, असे दुर्योधन विचारतो तेव्हा तो म्हणतो की, येथे योग्य राजे पुष्कळ आहेत, पण एकाला निवडले तर बाकीचे दुखावतील. द्रोण सर्वांचे गुरू आहेत, त्यांना करा. राजकीय सोयीचे कारण त्याने राजकीय सोय म्हणूनच सांगितले.

आपल्या देशात संरक्षणमंत्र्याची सुनावणी होत नाही आणि सेनाप्रमुखाचीही होत नाही. सरकार ठरवते आणि नाव जाहीर होते. त्यामुळे निमित्ताचा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही, असे वाटण्याचा संभव आहे. १९६१ साल मला तसे वाटू देत नाही. जनरल थिमय्या निवृत्त होत होते. आपल्यानंतर लेफ्टनंट जनरल शं. पां. थोरात यांना नेमावे अशी त्यांची शिफारस होती. थोरात कोल्हापूरकडचे, ब्रह्मदेशच्या रणात नावाजलेले, कोरियात भारतीय दलाचे नेतृत्व केलेले, आणि पूर्व विभागाचे प्रमुख. १९६० मध्ये त्यांनी लखनौ येथे ‘लाल किल्ला’ हा युद्धाभ्यास घेऊन चीनकडून येऊ शकणाऱ्या आक्रमणाचा अंदाज मांडला होता. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याला महत्त्व दिले नाही, आणि ८ मे १९६१ रोजी सेनाप्रमुख झाले ते जनरल थापर. का, हे कोणी सांगितले नाही. पुढे १९६२ च्या नोव्हेंबरात काय झाले ते सांगण्याची गरज नाही.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आचार्य कृपलानी यांनी लोकसभेत मेनन यांच्यावर जो हल्ला चढवला, त्यात सेनेतील बढत्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा खरा होता. तरी मेनन यांच्याविरुद्ध जे अनेक आवाज तेव्हा उठले, त्यांतील कितींना सेनाधिकाऱ्यांच्या योग्यतेची चिंता होती आणि कितींना मेनन यांची डावी मते, त्यांची तिखट जीभ आणि एकंदर अलिप्ततेचे धोरणच नको होते? १९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईत हे दोघे समोरासमोर उभे राहिले आणि मेनन मोठ्या फरकाने निवडून आले. त्या गाजलेल्या लढतीत जागतिक राजकारणातील दोन गोट एकमेकांशी झुंजले. पूर्व सीमेवरील लढाईच्या तयारीचा प्रश्न कोपऱ्यात उभा राहिला. सरकारने कारण सांगितले नाही आणि विरोधकांनी बहुधा निमित्त सांगितले. या दोहोंच्या मध्ये थोरातांचा तो अंदाज धूळ खात पडला.

थोरातांची हकीकत आपल्याकडे हळहळीने सांगितली जाते. सांगताना आपण त्यांच्या गुणवत्तेविषयी बोलतो. पण ते आपले होते हेही आपल्या हळहळीत मिसळलेले असते. याची परीक्षा घ्यायची तर १९८३ कडे पाहावे. त्या वर्षी लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा हे उपप्रमुख आणि ज्येष्ठ असताना त्यांना डावलून जनरल अरुणकुमार वैद्य यांची सेनाप्रमुखपदी नियुक्ती झाली. विरोधकांनी आवाज उठवला, सिन्हा यांनी निवृत्ती पत्करली आणि सरकारने समाधान होईल असे कारण काही दिले नाही. थोरातांच्या वेळी ‘कारण सांगा’ म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती मराठी माणसांनी वैद्यांच्या वेळी ते विचारले? मी विचारले नाही. मला अभिमान वाटला होता. वास्तविक त्या मौनाने वैद्यांवरही अन्यायच झाला. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत महावीरचक्र मिळवलेल्या रणगाडादलाच्या या सेनानीची गुणवत्ता उघडपणे सांगता येण्याजोगी होती. ती सांगितली गेली नाही, म्हणून कुजबुजीला जागा राहिली. नाकारलेल्याला कारण हवे असते तसे निवडलेल्यालाही हवे असते.

मग टॉवर यांच्या वाट्याला आलेली जाहीर विटंबना बरी की थोरातांच्या वाट्याला आलेले मौन? माझे मन दीर्घकाळ मौनाकडे झुकत असे. त्यात निदान माणसाची अब्रू राहते, आणि थोरात ताठ मानेने घरी गेले. आता मी तितका ठाम नाही. निमित्त उघड बोलले गेले, की ते नोंदले जाते आणि छत्तीस वर्षांनी ते बोलणाऱ्यांसमोर पुन्हा ठेवता येते. मौनासमोर काय ठेवणार? तरी हेही खरे की, ही सगळी पडताळणी इतिहासाच्या सोयीची आहे. ज्याच्यावर निमित्ताचा घाव बसला, त्याला तिचा उपयोग नसतो.

हे मी एवढ्या आवेशाने लिहितो आहे त्याला कारण आहे, आणि ते येथे सांगितले नाही तर हा लेखही निमित्तच ठरेल. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका विद्यापीठाच्या निवड समितीवर तज्ज्ञ म्हणून बसलो होतो. एका तरुण उमेदवाराने आपल्या प्रबंधात माझ्या गुरूंच्या समीक्षापद्धतीवर तीव्र टीका केली होती; टीका समर्थ होती आणि म्हणूनच मला ती झोंबली होती. समितीत मी तिच्याविषयी एक अक्षर बोललो नाही. मी म्हणालो, प्रबंधाची संदर्भसूची फार तोकडी आहे, संशोधनाची शिस्त दिसत नाही. सूची तोकडी होतीच. अध्यक्षांनी प्रबंधाची शेवटची पाने उघडून पाहिली आणि मान डोलावली. त्याच खोलीत त्याआधी दोन-तीन वर्षांपूर्वी मी ज्याची शिफारस केली होती, त्याची सूची याहूनही लहान होती. ते अध्यक्षांना ठाऊक नव्हते, मला होते.

तो बाहेर वऱ्हांड्यात भेटला. नियमाने बोलू नये, पण त्याने विचारले आणि मी त्याला सूचीचेच सांगितले. ‘हो सर, ती अपुरीच राहिली,’ असे म्हणून त्याने नमस्कार केला. त्याला विद्यापीठात जागा मिळाली नाही. तो एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत राहिला. दहा-अकरा वर्षांनी त्याचा प्रबंध ग्रंथरूपाने निघाला आणि त्याची एक प्रत टपालाने माझ्याकडे आली. माझ्या गुरूंवरचे प्रकरण त्यात जसेच्या तसे आहे. शेवटी बेचाळीस पानांची संदर्भसूची आहे, प्रत्येक नोंद नीट तपासलेली. आणि ऋणनिर्देशात, संशोधनाची शिस्त ज्यांनी दाखवून दिली त्यांच्या नावांत, पहिले नाव माझे आहे.